पंख मिटून बसणारी

३ जून

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील आणि ओळखूनही पाकीट फाडून टाकलं नसशील, असं धरून लिहिते. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. काम आहे.

बाबांच्या टाचण्या आठवतात ना? ओढ्यावर उडणाऱ्या, दिसायला चतुरासारख्या, पण अंगाने शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. त्यातलं एक सावलीतलं कुळ आहे. त्या कुळावर मी संग्रहालयाच्या या कीटक-खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पस्तीस वर्षं काढली. कुळात सतरा जाती. एकेक जात एकेका ओढ्यापाशी राहते, दाट झाडीखाली, जिथे भर दुपारीही दिवा लावावासा वाटतो. या उतारावरची टाचणी त्या उतारावर जात नाही. चार-चार पंख आहेत, पण घर सोडवत नाही.

सोळा जातींची घरं माझ्या नकाशावर पक्की आहेत. सतरावी आपल्या घरामागच्या ओढ्यावरची. संग्रहालयात तिचे चारच नमुने आहेत, चारही माझ्या खणात, चारही बाबांनी धरलेले. खाली बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'घरामागचा ओढा, पट्टीजवळ, सावलीत.' पट्टी म्हणजे पाणी मोजायची ती लाकडी पट्टी. पाणीखात्यासाठी बाबा रोज सकाळी तिच्यावरचा आकडा टिपून आणायचे, तीच.

या कुळाची नवी यादी ऑगस्टअखेर छापायला जाते आहे. यादीचे प्रमुख म्हणतात, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ही जात दुसऱ्या कुणालाच दिसलेली नाही. पाणी मोजणारा हौशी माणूस, दुसरीकडून आणून चुकीची चिठ्ठी लावली असेल. सतरावी खोडा. मी त्याच महिन्यात निवृत्त होते आहे. जाता जाता बाबांना खोटं पाडून जाणं माझ्याच्याने होणार नाही.

तू तिथेच राहतोस. एकदा ओढ्यावर जाऊन बघशील का? फोन केला असता, पण तू ठेवून दिला असतास. पत्र ठेवून दिलं तरी पुन्हा उचलता येतं.

ताई

११ जून

ताई,

पाकीट फाडलं नाही. दुकानात पान्यांच्या फळीवर चार दिवस ठेवलं आणि मग उघडलं. वाचून कळलं की पत्र टाचणीला आलं आहे, मला नाही. मी आपला मधला पोस्टमन.

आई गेली त्या वेळी तू आली नाहीस. त्यानंतर मी 'आता येऊच नकोस' असं लिहिलं होतं, हे खरं आहे. पण ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. त्याआधी माझं कुठलं म्हणणं तू ऐकलं होतंस?

तुला माहीत नसलेल्या गोष्टी सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मी लग्न केलं. नळदुरुस्तीचं दुकान आता स्वतःचं आहे. बारक्या आता बारीक राहिलेला नाही, सिंकखाली शिरलो की बाहेर ओढायला माणूस लागतो.

आणि ओढ्याचं मला काय विचारतेस? ओढा तुमच्या दोघांचा. रोज सकाळी बाबा आणि तू चालू पडायचात आणि मी खिडकीचे गज धरून भोकाड पसरायचो. एकदा पाण्यात पडलो काय, जन्माची बंदी. तुझ्या त्या टाचण्या मी जिवंत कधी बघितल्याच नाहीत. मला ठाऊक आहे ती एकच, पाचवी. आईच्या खोलीत भिंतीवर काचेच्या पेटीत बाबांनी लावून ठेवलेली. माझी बायको तिला 'वाळकी काडी' म्हणते आणि दर रविवारी काच पुसते.

चार पंख असून घर सोडवत नाही, असं लिहिलं आहेस. चांगला गुण आहे. पस्तीस वर्षं त्यांच्यात राहून तुला कसा लागला नाही?

कामं तुंबली आहेत. जमणार नाही.

बारक्या

१९ जून

बारक्या,

लग्न केलंस! नऊ वर्षं झाली! मी हे वाक्य खोलीतल्या शिपाईमामांनाही वाचून दाखवलं. ती कशी आहे, कशावर हसते, तुला कुठे गप्प बसवते, काहीच लिहिलं नाहीस. वाळक्या काडीची काच पुसणारी बाई वाईट असणार नाही, एवढं मी ताडलं.

तू लिहिलंस ते सगळं मान्य. तरी पुन्हा विचारते, कारण विचारायला दुसरं कुणी नाही. दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं जाऊन ये. उजेड कमी असतो तिथे बघ. ती फार उडत नाही. हलवली तर दोन हात पुढे जाऊन परत बसते.

एक नियम सांगायचा राहिला. यादीतली हरवलेली जात दिसल्याचं कुणी कळवलं, तर संग्रहालयाच्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन बघायचं असतं. म्हणजे दिसली तर मलाच यावं लागेल. दोन-तीन दिवस तरी राहावं लागेल. उतरायचं कुठे ते तेव्हा बघू.

ताई

२६ जून

ताई,

दिसली!

काल सकाळी साडेसहाला. ओढ्याच्या मधोमध एक खडक आहे, त्यावर चांगली ऊन खात बसली होती. चारही पंख दोन्ही बाजूंना सरळ पसरलेले, स्वच्छ काचेसारखे. अंग तपकिरी, शेपटीच्या टोकाजवळ पिवळट पट्टा. मी पाच मिनिटं उभा होतो, ती जागची हलली नाही. म्हणजे तुझीच, दुसरी कुठली असणार?

आता नियमाप्रमाणे तुला आलंच पाहिजे. उतरायचं कुठे म्हणजे काय? आईची खोली आहे. तिथे माझे जुने नळ आणि पाइपांचे तुकडे होते, ते कालच दुकानात हलवले. खोलीला रंग काढतो आहे. कुठला काढू? तुझ्या आवडीचं मला आता काही आठवत नाही, याची लाज वाटते.

गाडी पहाटेची घे, दुपारच्या गाडीला गर्दी असते. घ्यायला मी येईन. लगेच कळव.

बारक्या

४ जुलै

बारक्या,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

एकच विचारते. डोळे कसे होते? रंग नीट आठवून लिही.

खोलीला फिकट रंग दे. गडद भिंतीत आईला गुदमरायला व्हायचं.

ताई

९ जुलै

ताई,

डोळे तपकिरी. जरा काळपट तपकिरी. मी हातभर अंतरावरून बघितले, चष्मा लावून. अजून काही हवं असेल तर विचार, पण किती विचारणार? येऊन बघ ना.

रंग फिकट दिला. खिडकीची कडी बसत नव्हती, तीही बसवली. कधी येतेस?

बारक्या

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

वन्सं, तुम्ही मला ओळखत नाही. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चोरून चार ओळी लिहिते. हे रोज संध्याकाळी भिंतीवरची ती पेटी खाली काढतात, चष्मा लावून बघत बसतात आणि मग तुम्हाला लिहायला घेतात. मी मूग गिळून बसले आहे. नवऱ्याचं बिंग फोडणारी बायको म्हणाल तर म्हणा. पण खोली मात्र खरोखर रंगवली आहे. गुडघे दुखत असताना, माणूस न लावता, स्वतः. त्यांना रागावण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

१८ जुलै

बारक्या,

तुझ्या बायकोला काही बोलू नकोस. तिने लिहिण्याआधीच मला कळलं होतं.

टाचणी बसते ती पंख मिटून. पाठीवर चारही पंख एकावर एक, मिटलेल्या वहीसारखे. पंख पसरून बसते ती फक्त पेटीत, कारण मेल्यावर आम्ही ते पसरतो आणि सुया टोचून वाळवतो. या कुळातली टाचणी उन्हात तर कधी बसतच नाही. मेल्यावर रंग उडतात. टोकाचा निळा पट्टा पिवळट होतो, डोळे तपकिरी होतात. तू मला बाबांची भिंतीवरची मेलेली टाचणी लिहून पाठवलीस.

पंखांचं वाचलं तेव्हाच मी ओळखलं. तरी डोळ्यांचं विचारलं. वाटलं, लिहिताना चुकला असेल, घाईत बघितलं असेल. पस्तीस वर्षं हेच काम केलेली बाई मी, आणि मला खोट्यावर विश्वास ठेवायचा होता.

दोन दिवस फार राग आला. तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. मी कपाटावरून बॅग खाली काढली होती म्हणून.

जिवंतपणी तिचे डोळे कसे असतात, ते मी तुला लिहिणार नाही. हे बाबांना आणि मला ठाऊक होतं, आता एकटीलाच ठाऊक आहे. बाबांच्या वहीतही नाही.

ओढ्याचं काय झालं, ते आता खरं लिही. सतराव्या जातीवर मी अजून रेघ मारलेली नाही.

ताई

२५ जुलै

ताई,

ओढा नाही.

सहा वर्षांपूर्वी मी तो पाइपात घातला. दुसऱ्या कुणी नाही, मी. पाणी चढलं की गल्लीतल्या सगळ्या घरांत चिखल यायचा. आईच्या खोलीत घोट्यापर्यंत. आई नव्हती, पण तिचं कपाट होतं, तिच्या साड्या होत्या. गल्लीने ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. टेकडीच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत तीन फुटी पाइप, सगळे सांधे माझ्या हातचे. आजवर थेंब गळलेला नाही. दोन्ही काठांची झाडं काढली, वर माती टाकली. आता तिथे लोक स्कूटर लावतात. लोकांनी पाठ थोपटली आणि मीही खूश होतो. बाबांची पट्टी तेवढी फेकवली नाही, दुकानात दाराआड उभी आहे.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा हे लिहायची हिंमत झाली नाही. म्हणून तोंड वेडंवाकडं करून 'जमणार नाही' लिहिलं. खाई त्याला खवखवे. मग तू तो नियम लिहिलास, दिसली तर यावं लागेल. त्यापुढचं मला काही सुचलंच नाही.

मला टाचणीचं काय करायचं आहे, ताई? मला तू यायला हवी होतीस. आई-बाबांना ओळखणारं आता या घरात मी सोडून कुणी नाही. बाबा शिंकायच्या आधी हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे, हे मी कुणाला सांगू? बायकोला सांगितलं. ती हसली, पण तिने ते बघितलेलं नाही. तू नुसती मान डोलावली असतीस तरी मला पुरलं असतं.

सतरावी खोडून टाक. पण बाबांच्या नावावर नको, माझ्या नावावर खोड. 'ओढा होता, चिठ्ठी खरी होती, धाकट्या मुलाने तो बुजवला' असं छाप.

बारक्या

१२ ऑगस्ट, सकाळ

बारक्या,

अठरा दिवस तुला उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसले. प्रत्येक वेळी पाइपाबद्दलच लिहिलं आणि फाडलं, कारण पाइपाबद्दल मला काही म्हणायचंच नव्हतं. आईच्या खोलीत चिखल येत होता तेव्हा मी इथे मेलेल्या टाचण्यांना बुरशी लागू नये म्हणून खण पुसत होते. तुला बोल लावायला मी कोण?

एक गोष्ट अकरा वर्षं लपवली, ती आधी लिहिते. आई गेली तेव्हा मी आले होते. तुझी तार उशिरा मिळाली, तिसऱ्या दिवशी पोचले. गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तू पायरीवर बसला होतास. तिन्ही बाजूंनी माणसं होती आणि सगळ्यांशी तूच बोलत होतास. मला वाटलं, आता तिथे जाऊन 'मी मुलगी' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबांच्या टाचण्यांच्या पेट्या इथे पोचवायला सहा महिन्यांसाठी म्हणून गेले होते आणि चोवीस वर्षं झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभी राहिले आणि परतीच्या गाडीने निघून गेले. मग तुझं 'येऊच नकोस' आलं. खरं सांगते, ते वाचून सुटल्यासारखं वाटलं. न येण्याचा दोष तुझ्यावर टाकता आला.

काल मी सतराव्या जातीवर रेघ मारली. पेन्सिलीने, पण मारली. यादीत पुरावा लागतो आणि माझ्याजवळ तो नाही. बाबा रागावले नसते. पट्टीवर जेवढं पाणी दिसेल तेवढंच लिहायचं, हे त्यांनीच मला शिकवलं.

रेघ मारली आणि लक्षात आलं की आता मला तिकडे यायला कसलंच कारण उरलेलं नाही. तेव्हाच रजेचा अर्ज केला. उद्या पहाटेच्या गाडीने निघते, परवा दुपारी पोचेन. हे पत्र बहुतेक माझ्या मागूनच येईल, तू मला घ्यायला येऊ शकणार नाहीस. हरकत नाही, रस्ता पाठ आहे. या वेळी कोपऱ्यावर थांबणार नाही.

आणि आता टाचणी नाहीच, तर तिच्या डोळ्यांचं गुपित एकटीने सांभाळून काय करू? तुझ्या वाट्याचं तुला देते. निळे नाहीत, हिरवेही नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात मिठाची ती जाड काचेची बरणी होती ना? मीठ संपल्यावर आई ती धुऊन खिडकीत पालथी घालायची. तिच्या बुडातून उजेड आला की जो रंग दिसायचा, तो. तुला खिडकीतून आम्ही दिसायचो तेव्हा ती तुझ्या डोक्याशीच असायची.

बाबा शिंकायच्या आधी फक्त हात वर करत नसत. डावा हात वर आणि उजव्या हाताने चष्मा काढायचे. येऊन करून दाखवते.

ताई

१२ ऑगस्ट, संध्याकाळ

ताई,

तुझं पत्र नाही, म्हणजे माझं समजायचं ते मी समजलो. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. उत्तरासाठी हे लिहीत नाही. एक गोष्ट घडली, ती तुला कळायलाच हवी म्हणून लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं, 'ओढा नाही.' लिहून झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग तुमच्या पाइपातून वाहतं ते काय आहे?" मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, "ते कुठून तरी येतच असेल की." सहा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही. माझं काम पाइपाच्या तोंडापाशी संपलं आणि माझ्या लेखी ओढाही तिथेच संपला. तोंडाच्या वर, टेकडीत, मी कधी चढलोच नव्हतो.

गेले तीन रविवार आम्ही दोघं चढलो. तिन्ही खेपांना काटे आणि डास, बाकी काही नाही. दुसऱ्या खेपेला माझा पाय घसरला. बायकोने हात देऊन बाहेर काढला आणि म्हणाली, तुमच्यावर बंदी होती ती काही उगाच नव्हती. मग मी तुझं पत्र सोबत घेऊन जायला लागलो. उजेड कमी असेल तिथे बघ, असं लिहिलं होतंस. मला तोवर उजेडात बघायचीच सवय.

आज सोमवार असूनही दुकान बंद ठेवलं, राहवेना. खूप वर, जिथे दोन दरडी इतक्या जवळ येतात की हात पसरता येत नाहीत, तिथे झाडांची मुळं पाण्यावर लोंबतात. एका मुळाला दुसरं एक बारीक मूळ लटकलं होतं. मी ते बाजूला सारायला गेलो आणि ते उडालं. दोन हात पुढे गेलं आणि परत बसलं.

पंख मिटून, ताई. पाठीवर, एकावर एक, वही मिटावी तसे. टोकाचा पट्टा पिवळट नाही, निळा आहे. मग एकेक करून दिसायला लागल्या. मी नऊ मोजल्या, बायको म्हणते अकरा. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि मला रडू आलं. ती मला हसली नाही. खिडकीतून दिसायचं नाही ते हे होतं तर. बाबा तुला इथवर आणायचे का, की तेव्हा त्या खाली घराजवळच होत्या? मी झाडं काढली म्हणून त्या वर सरकल्या, की या आधीपासून इथल्याच? तुलाच ठाऊक असेल.

मी पेटीत बघितलेलं तुला एकदा लिहिलं आहे, म्हणून या वेळी माझ्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवला नाही. बायकोला म्हटलं, मला काही सांगू नकोस, वाकून नीट बघ आणि डोळ्यांचा रंग तूच सांग. ती बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "अहो, आपल्या मिठाच्या बरणीचं बूड!"

आईचीच बरणी, अजून वापरात आहे. घरी आल्यावर मीठ वाटीत काढून तिने ती धुतली आणि खिडकीत धरली. बरोबर तोच रंग. तो निळा म्हणावा की हिरवा, त्यावर आमचं अजून एकमत नाही.

बाबांची पट्टी उद्या तिथे वर नेऊन उभी करणार आहे. म्हणजे 'पट्टीजवळ, सावलीत' ही चिठ्ठी पुन्हा खरी होईल. तू ये असं आता म्हणत नाही. मागे म्हटलं ते खोट्याच्या जोरावर म्हटलं होतं, आता खऱ्याच्या जोरावर तुला बांधून आणायची इच्छा नाही. तुझ्या खोलीची किल्ली मात्र दाराच्या वरच्या चौकटीवरच आहे, आई ठेवायची तिथे.

एवढंच पत्राने कळव. डोळे असेच होते ना?

बारक्या